बाईसाहेबांची उडी

३ फेब्रुवारी

ताई,

फोनवर आपण पाच मिनिटांत भांडतो, म्हणून पत्रच बरं. पत्रात निदान तुला मला मधे तोडता येत नाही.

नवी नोकरी लागली. काम ऐकून हसशील. मी बेडकांना उड्या मारायला लावते. कॉलेजच्या तळघरात एक लांबट खोली आहे. खिडकी नाही, नुसता ओटा, मोरी आणि ट्यूबलाइट. जमिनीवर तपकिरी कागदाची पट्टी अंथरायची, बेडकाचे पाय निळ्या पाण्यात बुडवायचे, त्याला पट्टीच्या टोकाशी ठेवायचं आणि ब्रशच्या दांड्याने मागून हलकंच टोचायचं. उडाला की निळे ठसे उमटतात. ठशापासून ठशापर्यंत टेप लावायची. प्रत्येकाला तीन संधी, त्यातली सगळ्यात लांब ती खरी. तुझ्या मैदानावरचाच नियम की नाही? फरक एवढाच की इथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं, आणि सगळं मोजून झालं की सर त्यांना औषध देऊन झोपवतात आणि मांड्यांचं मांस काढून त्याचं वजन करतात. पहिल्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. आता जातं.

सरांना शोधायचंय ते असं, की लांब कोण उडतो आणि कशामुळे. पाय लांब म्हणून, कंबर बारीक म्हणून, की नर म्हणून? आमचे नर साधारण पाच सेंटिमीटरचे. उडी मारतात स्वतःच्या लांबीच्या अठरा पट. माद्या चांगल्या थोराड, सात सेंटिमीटरच्या. त्या पंधरा पट. पोटात अंडी असली की तेरा. सरांनी निष्कर्ष काढून ठेवलाय, मादी कमी पडते. 'जड बूड,' असं म्हणून स्वतःच हसतात. त्यांचं स्वतःचं बूड फिरत्या खुर्चीत मावत नाही, ते सोड.

एक मादी आहे, तळहातावर मावत नाही एवढी. आमचे प्रयोगशाळेतले मामा तिला बाईसाहेब म्हणतात. टोचल्याशिवाय हलत नाही, आणि हलली की परवाच्यासारखं होतं. कागद पुरला नाही, थेट मोरीत जाऊन पडली. मामा म्हणाले, "बाईसाहेबांना पट्टी आखूड पडली." मला तुझी आठवण आली. रागावू नकोस. शाळेचा जिना चढताना तू जशी मधेच थांबतेस, तशी ती उडीआधी थांबते, फुगते आणि आपल्याकडे अशी बघते की चूक आपलीच आहे.

माझी भाची काय म्हणते? अजून वारा आला की खिडक्या लावून घेतेस का, काडी उडून जाईल म्हणून?

तुझी धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटे,

बेडकीची उपमा पोचली. लहानपणी तू मला जे जे म्हणायचीस त्या मानाने बरीच सभ्य आहे.

पण तुझं पत्र मी खाली ठेवू शकले नाही. तुला सांगितलं नव्हतं, ऑगस्टमध्ये काडीला क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला उतरवायचंय. लांब उडीत मुलींची एकच जागा. घेतलं तर शिक्षण, राहणं, चांगला प्रशिक्षक, सगळं त्यांचं. नाही घेतलं तर ती माझ्यासारखी होणार. गळ्यात शिट्टी घालायची आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना रांगेत उभं करायचं.

आणि नेमकी आत्ताच ती भरायला लागलीये. जानेवारीत पाळी सुरू झाली. मागच्या आठवड्यात तिच्या स्कर्टची कंबर सैल करायला बसले आणि अर्ध्यावरच उसवणं सोडून स्कर्ट कपाटात टाकला. मी पंधराची असताना आमचे सर मैदानावर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ही आता बाई झाली. हिची उडी संपली." गंमत म्हणजे त्याच आठवड्यात माझी आयुष्यातली सगळ्यात लांब उडी पडली होती. सरांनी ती बघितली नाही, मग मीही ती धरली नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, माणूस दुष्ट होता. तुझं पत्र वाचलं आणि कळलं, तो खरं बोलत होता.

अठरा, पंधरा, तेरा. कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय. काडीने विचारलं, "आई, हे काय?" म्हटलं, "तू अजून अठरावर आहेस. घसरून तेरावर जायचं नाहीये." तिला मजा वाटली. बेडकासारखी टुणटुण उड्या मारत घरभर फिरली. मग मी तिला अंगणात नेलं, उभ्याने दोन्ही पाय जोडून उडी मारायला लावली आणि जिथे टाचा पडल्या तिथे लाल रंगाने खूण करून ठेवली. आता ती खूण मागे टाकायची.

साखर, दूध, तळलेलं, सगळं बंद. रात्रीचं जेवणही बंद. आत्ता थांबवलं तर थांबेल ना शरीर? तुझ्या सरांना विचारून कळव.

ताई


९ मार्च

ताई,

तुला वेड लागलंय का? बेडूक आहेत गं ते. तेरा वर्षांच्या पोरीला तू माझ्या बेडकांमुळे उपाशी झोपवतेस?

तिला रात्री जेवू घाल. आणि ते कपाटाच्या दारावरचं पूस आधी. ते आकडे तसे वाचायचे नसतात. आमच्या सरांची मोजायची एक पद्धत आहे, ती समजल्याशिवाय त्यांना काही अर्थ नाही. नीट समजावून लिहायला एक पान लागेल, आणि आत्ता मामा बादल्या घेऊन दारात उभे आहेत. पुढच्या पत्रात लिहिते.

पण एक आत्ताच विचारते, राग आला तरी चालेल. उडी काडीला मारायचीये की तुला? तिला कुणी विचारलंय का? तुझ्या सरांनी तुला जे केलं तेच तू करतेयस. त्यांनी निदान तोंडाने केलं. तू तर ताटातून करतेयस.

तुझी धाकटी


२२ मार्च

धाकटे,

उपदेश पोचला.

ज्या बाईने कधी कुणासाठी ताट वाढलं नाही, तिने ताटाबद्दल बोलू नये. तुला तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं. तिन्ही वेळा तुझ्या उशाशी मी होते, तुझा नवरा नव्हता. मी तुझ्या चादरी धुतल्यात. शरीर ऐन वेळी कसं दगा देतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तू मला सांगतेस की पोरीच्या शरीराला मोकळं सोड, त्याचं त्याला कळेल. तुझ्या शरीराला काय कळलं?

तुझी माया मला माहीत आहे. मुलं दुसऱ्यांची असली की माया करायला सोपं जातं. वर्षातून एकदा यायचं, गालाला हात लावायचा, पुस्तक द्यायचं आणि निघायचं. रोज सकाळी तिला उठवून पळवणारी मी. तिच्या बुटाचे तळवे घासले गेले की माझी जुनी साडी विकून नवे आणणारी मी.

मला तुझ्याकडून मत नकोय. एकाच गोष्टीचं उत्तर पाहिजे. आकडे मी बरोबर वाचले की नाही? मादी नरापेक्षा कमी उडते, पोट भरलं की आणखी कमी. हो की नाही? पानभर समजावणी नको. तू शिकलेली आहेस, एका ओळीत सांगता आलं पाहिजे.

ताई


१० एप्रिल

ताई,

आकडे तू बरोबर वाचलेस.

नर अठरा, मादी पंधरा, अंडी असताना तेरा. आणखी शंभर बेडूक मोजले, फरक पडला नाही. कंबर जितकी रुंद तितकी पट कमी, हेही तपासून झालं.

इकडे सगळं ठीक. उकडतं फार.

धाकटी


१४ जून

धाकटे,

बघ, सरळ विचारलं की सरळ उत्तर येतं. तुझं पत्र मी कपाटाच्या दारावर आकड्यांखाली चिकटवलंय. काडी कुरकुरली की तिकडे बोट दाखवते. म्हणते, "मी सांगत नाहीये बाई, तुझी मावशी सांगतेय, विज्ञान सांगतंय." मग बूट बांधायला लागते. तुझ्यावर तिचा फार विश्वास.

आता खरोखर काडी झालीये. मागून पाहिलं तर मुलगा वाटतो. माझ्या शाळेतल्या बाया म्हणतात, पोरीला काही आजार झालाय का. त्यांच्या पोरी बघ, पाव फुगावेत तशा फुगल्यात, त्या बोलणारच. आणि ऐक, दोन महिने झाले, पाळी आलेली नाही. शेजारीण मला घाबरवायला बघत होती. म्हटलं, उलट बरंच झालं, तेराकडे जाणारा रस्ताच बंद पडला.

रोज सकाळी तिला वजनकाट्यावर उभी करते. परवा बघते तर कार्टीने हळूच बेसिनच्या कडेवर बोटं टेकलेली! म्हटलं, "मला फसवतेस? काढ हात." तर म्हणते, "आई, चक्कर येते म्हणून धरलंय." नाटकं शिकलीये. पायाच्या नळीतही दुखतं म्हणते, तेही सरावाच्या वेळेलाच.

एकच कोडं आहे. इतकी हलकी झाली, तरी उडी वाढत नाही. खरं सांगायचं तर वीतभर मागे आलीये. परवा अंगणात उभ्याने मारायला लावली तर लाल खुणेपर्यंतसुद्धा पोचली नाही. खाली बसली आणि त्या खुणेकडे बघत राहिली. मला वाटतं, अजून कुठेतरी चरबी असणार. दुपारचंही अर्धं करावं का? तुझे बेडूक काय म्हणतात?

ताई


२ जुलै

ताई,

हे वाचून झालं की लगेच तिला जेवायला बसव. माझ्याशी नंतर भांड.

मामा आजारी पडले होते. कोपऱ्यातल्या टाकीला कुणी खायला घातलंच नाही, आणि आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. ते बेडूक हलके झाले. तू म्हणतेस तसं असतं तर लांब उडायला हवे होते. टोचलं तर जागच्या जागी सरकले. सरांनी उघडून पाहिले. पोटातली चरबी आधी गेली होती. ती संपल्यावर मांड्या. ताई, उपाशी शरीर आपलेच पाय खायला लागतं. मी ते वजन केलंय, माझ्या हाताने.

चक्कर येते म्हणते ते नाटक नाही. नळीत दुखतं तेही नाही. पाळी बंद झाली ही काही बक्षीस मिळाल्यासारखी गोष्ट नाही, तिला डॉक्टरकडे ने. सराव थांबव. वसतिगृह पुढच्या वर्षीही असेल.

आकड्यांबद्दल मला तुला काही लिहायचंय, पण तिचं जेवण सुरू केल्याचं तू आधी कळव, मग लिहिते.

तिला माझा पापा दे.

धाकटी


३० ऑगस्ट

धाकटे,

तुझं जुलैचं पत्र मी तेव्हा उघडलंच नव्हतं. पाकिटावर अक्षर पाहिलं आणि वाटलं, पुन्हा उपदेश असणार. निवड झाली की वाचू म्हणून पिशवीत टाकलं. दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं.

निवडीतली तिची दुसरीच उडी होती. धाव चांगली आली. फळीवर पाय पडला आणि आवाज आला. मी मैदानाच्या कडेला होते, तिथे ऐकू आला. वाळूपर्यंत ती गेलीच नाही, फळीवरच बसली. मी धावत पोचले तर पाय भलत्याच दिशेला होता, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, फाउल नाही ना गेला?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे हाड चौदा वर्षांच्या मुलीचं? माझ्या सासूबाईंचं यापेक्षा बरं होतं." मग त्यांना माझ्या गळ्यातली शिट्टी दिसली. विचारलं, "तुम्ही हिच्या प्रशिक्षक की आई?" धाकटे, मी ती शिट्टी काढून पर्समध्ये टाकली, तेवढंच जमलं.

नळीला आधीपासून बारीक चीर होती म्हणाल्या. म्हणजे ती दुखतंय म्हणत होती तेव्हापासून. आता सळई घातलीये. चालेल. उडीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "आधी जेवू दे."

तू लिहिलं होतंस, जेवू घाल म्हणून. दोनदा लिहिलं होतंस. मार्चमध्ये मी तुला काय काय बोलले ते आठवतं आणि भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. तुझं काहीच चुकलं नाही. तुझा शब्द खरा होता, आकडेही खरे होते. मीच वाईट निघाले.

ताई


११ ऑक्टोबर

मावशी,

प्लास्टर अजून आहे. आई शाळेत गेली की मी दिवसभर एकटी असते. तुझी सगळी पत्रं कपाटात सापडली. एक दारावरच होतं. वाचली, राग मानू नकोस. माझ्याबद्दलच होती सगळी.

आजारी आहे म्हणून शाळेतून गणिताच्या बाई गृहपाठ पाठवतात. सध्या पटींची गणितं चालू आहेत. म्हणून तुझी पण करून पाहिली.

नर पाच सेंटिमीटरचा, अठरा पट. नव्वद सेंटिमीटर.

मादी सात सेंटिमीटरची, पंधरा पट. एकशे पाच.

पोटात अंडी असलेली मादी, सात सेंटिमीटर, तेरा पट. एक्याण्णव.

मला वाटलं माझं चुकलं. पुन्हा केलं. मग तुझं पहिलं पत्र काढलं. त्यात बाईसाहेबांना कागदच पुरला नव्हता.

मावशी, मैदानावर टेप लावतात. उंचीने कोणी भागत नाही. मला आठ महिने वाटत होतं की मी मोठी झाले तर माझी उडी जाईल. रात्री भूक लागली की मी उशी पोटाशी घट्ट धरून अठरा, अठरा, अठरा म्हणत झोपायचे. आणि खरं तर मोठी झाले असते तर ती वाढली असती ना? मादी पोटात सगळी अंडी घेऊनसुद्धा नरापेक्षा एक सेंटिमीटर पुढे पडते.

मार्चच्या पत्रात तू लिहिलंयस की ते आकडे तसे वाचायचे नसतात, समजावते. एप्रिलमध्ये लिहिलंयस, 'आकडे तू बरोबर वाचलेस.' मधे आईचं पत्र आलं असणार. तिने काय लिहिलं ते मला माहीत नाही. खूप वाईट लिहिलं असेल. ती रागावली की कशी बोलते ते मला माहितीये, मी तर इथेच राहते. पण तू तिच्यावर रागावली होतीस. जेवण माझं होतं.

आईला मी हे दाखवलेलं नाही. आता ती मला रोज सकाळी काट्यावर उभी करते ते वजन वाढलं का बघायला. शंभर ग्रॅम जरी वाढलं तरी बाथरूमचं दार लावून रडते. मी सांगितलं तर ती स्वतःला मारून घेईल. तू सांगितलंस तर तुला मारेल. म्हणून तूच सांग.

मोजून झाल्यावर बाईसाहेबांचं काय केलं?

काडी


१७ नोव्हेंबर

ताई,

सरांचा पेपर छापून आला. माझं नाव दुसरं आहे, बारीक अक्षरात. मादी कमी उडते, असं शीर्षकातच आहे. सर खूश आहेत, सगळ्यांना चहा पाजला. मामांनी विचारलं, "यात बाईसाहेबांचा फोटो कुठाय?" सगळे हसले. त्या सप्टेंबरात गेल्या. मांडी सगळ्यात वजनदार निघाली.

काडीचं पत्र मिळालं. अक्षर किती सुंदर झालंय तिचं. तिला सांग, गणित बरोबर आहे. बाकी मी आले की बोलेन, पत्रात नको. सुट्टीचं बघते. इथे काम फार आहे.

तिला चांगलं खाऊपिऊ घाल. काळजी घे.

धाकटी


९ डिसेंबर

धाकटे,

तुझा निरोप काडीला दिला. म्हटलं, मावशी म्हणते गणित बरोबर आहे. म्हणाली, "एवढंच?" म्हटलं, "एवढंच. काय गणित गं?" तर कुबडी घेऊन अंगणात जाऊन उभी राहिली. बराच वेळ तिथेच होती.

मग मला हाक मारली. "आई, चप्पल काढून ये." गेले. हातात माझी टेप. म्हणते, "या रेघेवर उभी राहा. दोन्ही पाय जोडून. उडी मार." मी म्हटलं, "अगं, मी? या देहाने? फरशी फुटेल. शेजारचे बघतायत." तर ती मला म्हणाली, "तीन संधी. सगळ्यात लांब ती खरी." अगदी माझ्याच आवाजात.

इतक्या दिवसांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते. म्हणून साडी खोचली आणि मारली. पहिल्यांदा पडलेच. दुसऱ्यांदा काय झालं कुणास ठाऊक, गुडघे वाकवले, हात मागे नेले आणि अंगाला सगळं आठवलं बघ. पंचवीस वर्षांहून जास्त झाली, पण आठवलं. हवेत असताना मी हसत होते.

टाचा पडल्या त्या तिच्या फेब्रुवारीतल्या लाल खुणेच्या पुढे. चांगली चार बोटं पुढे. मी, या वजनाची बाई! मला वाटलं ती हसेल, टाळ्या वाजवेल. तिने खाली वाकून टेप लावली, दोनदा बघितली. माझी उंची विचारली. स्वतःची तिला माहीतच होती. मग भिंतीला टेकून काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटली आणि म्हणाली, "आई, पटीत मी जिंकते. टेपवर तू जिंकतेस."

मी म्हटलं, "वेडाबाई, मैदानावर कधी कुणी पटीत मोजलंय का?"

तर रडायला लागली. हाड मोडलं तेव्हा रडली नव्हती, सळई घातली तेव्हा नाही. धाकटे, ती अशी रडली की मला तिच्या अंगाला हात लावायची भीती वाटली. "तूच म्हणालीस," एवढंच म्हणत राहिली. "तूच म्हणालीस ना आत्ता, कुणी मोजत नाही." मी काय म्हणाले एवढं? मैदानावरचं कुठलंही पोर हेच सांगेल.

आता ती झोपलीये. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. कपाटाच्या दारावरचे आकडे मी ऑगस्टमध्येच पुसले, पण खडू लाकडात मुरलाय, अजून दिसतात. मघापासून त्यांच्याकडेच बघतेय. अठरा, पंधरा, तेरा. धाकटे, हे अठरा म्हणजे अठरा काय गं? तू पट लिहिलं होतंस, नाही का? कशाच्या पट?

फोन केला होता, तू उचलला नाहीस. पत्रानेच कळव, पण लवकर. तुझ्याशिवाय हे कुणाला विचारू मी?

ताई